गुंजभराचा फरक

रोहणा गावात आमच्या शाळेसमोर एका सोनाराचं दुकान होतं. त्याच्याजवळ ठासणीचं जुनं पिस्तूल होतं. हरणाच्या शिकारीला जायचं ठरलं की तो शिशाच्या गोळ्या स्वतः ओतायचा आणि सोन्याच्या तराजूत, गुंजा टाकून तोलायचा. बायकांच्या बांगड्या तोलताना अखंड बडबडणारा हा माणूस गोळी तोलताना श्वाससुद्धा रोखून धरी.

"हलकी गोळी नुसती जखम करते, मास्तर," तो मला समजावी. "हरीण बिचारं रानात तडफडून मरते. अन् जड गोळी पोचतच नाई, मधातच खाली बसते."

एका हिवाळ्यात मीही त्याच्यासोबत गेलो. निघताना त्यानं बायकोला मटणाचा मसाला वाटून ठेवायला बजावलं.

हरभऱ्याच्या शेतात, अगदी समोर, एक हरीण येऊन चरू लागलं. मी सोनाराला कोपरानं ढोसलं. त्यानं खिशातून एक हलकी गोळी काढली, एक जड काढली आणि मग चक्क तराजू काढला!

"अहो, ठासा ना कोणतीही!" मी कुजबुजलो.

"थांबा हो. वाऱ्यानं काटा हालून राह्यला."

वारा पडला तोवर हरीण पोटभर खाऊन निघून गेलं होतं.

"गेलं तं गेलं," तराजू पुसत तो खुशीत म्हणाला, "चुकीची गोळी तं नाई ना लागली त्याले!"

त्याच्या घरी पोचलो. वहिनींनी मसाला वाटलाच नव्हता. चुलीवर तिघांपुरतं पिठलं रटरटत होतं.