सफाईत गुंडाळलेली वायर

घट बसायच्या आधी आमच्याकडे घर धुऊन काढायची रीत आहे. गोधड्या, भांडी, माळ्यावरचं सामान, सगळं खाली येतं. यंदा मी एकटीनंच काढलं. सून दिवसभर कॉम्प्युटरवर पुण्याच्या कंपनीचं काम करते. मुलगा सैन्यात लांब. सून आणि चार वर्षांची नात आमच्याजवळ वस्तीवर राहतात, ते त्या कॉम्प्युटरमुळंच.

सफाई संध्याकाळी उरकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेट नव्हतं. सुनेनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. भिंतीवरची नेटची पेटी बंद करून चालू केली, वायरी काढून पुन्हा खोचल्या. पेटीवरचा लाल दिवा काही जाईना. मोबाईलवर आमच्याकडे बोलणं होतं, पण तिच्या कामाला पुरेल एवढं नेट येत नाही.

मालक सोप्यातून म्हणाले, "तुज्या सासूनं सफाईत नेटबी झाडून टाकलं वाटतं."

सून हसली. मी भाकरी थापत राहिले. कंबर आधीच धरली होती.

दोन दिवस तसेच गेले. मग तिचे साहेब म्हणाले, नेट जमत नसेल तर सोमवारपासून पुण्याला ऑफिसात या. तिनं माळ्यावरून मोठी बॅग काढली. परवाच मी ती पुसून वर ठेवली होती. नात बॅगेत बसून म्हणाली, "आजी, तू पण बस."

शनिवारी दुपारी सुनेनं पुन्हा तक्रारीचा फोन लावला. पलीकडचा विचारेल ते ती मोठ्यानं म्हणायची. "लाल दिवा? व्हय, हाय. वायर कुठं दुमडलीय? न्हाई ओ, कुणी हातच लावला न्हाई."

मी दारातच थांबले. मला माणसांत बोलता येत नाही, फोनवरच्या माणसासमोरसुद्धा नाही. तिनं फोन ठेवेपर्यंत पदर चुरगाळत उभी राहिले.

"मी लावलाय हात."

"कवा?"

"सफाईत. लय लोंबत होती."

विहिरीवरच्या मोटारीची वायर गुंडाळतात तशी मी ती पंजा ते कोपर गुंडाळली होती. मग दाबून, लुगड्याच्या चिंधीनं आवळून कपाटामागं खोचली होती. आम्ही सगळ्याच वायरी तशा ठेवतो.

तिनं कपाट ओढलं, जुडी बघितली आणि खाली बसली. "आवं आत्या, ह्यात तार न्हाई. काच असती, केसाएवढी. त्यातनं उजेड जातो."

"काच? मग लवती कशी?"

"लवती. पर एवढी आवळल्यावर उजेड जाणार कुठनं?" चिंधीची गाठ तिला सुटेना. मीच दातानं सोडली. "दोन दिवस बोलला का न्हाई?"

"वायरच ती. मी काय बिघडवणार, असं वाटलं."

वायर सैल सोडून आम्ही दोघी पेटीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. तिनं साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, पण पुन्हा असं झालं तर यावं लागेल.

संध्याकाळी बॅग मी परत माळ्यावर चढवली. वायर आता कपाटामागं सैल पडून असते. तिच्याभोवती धूळ साठते. मी बाजूबाजूनं झाडते.