एका खोलीतली कुजबुज

आमचा सगळा संसार कुजबुजीत झाला. नायगावच्या चाळीत एक खोली, त्यात सासूबाई, धाकटे दीर आणि आमच्या दोन मुली. नवराबायकोनं बोलायचं तरी कुठे? मोरीत भांडी विसळताना मी पुटपुटायचे, हे टॉवेल झटकत उत्तर द्यायचे. भांडणंसुद्धा ओठातल्या ओठात. मी तशी तोंडाळ, पण यांच्या कानाशी गेले की माझा आवाज आपोआप उतरायचा.

दादरला बसस्टॉपवर बॉम्ब फुटला तेव्हा हे तिथेच, खांबाआड उभे होते. चालत घरी आले. अंगावर साधा ओरखडा नाही. अख्खी चाळ भेटायला आली, देवानं राखलं म्हणाली. सासूबाईंनी दृष्ट काढली. कानात शिट्टी वाजत होती, पण हे बोलतायत कुणाला? त्याच स्टॉपवरची माणसं परळच्या इस्पितळात हातपाय गमावून पडली होती. "त्यांच्यापुढे मी कानाचं रडगाणं गाऊ?" म्हणाले. आमच्यात असंच. जीव वाचला, वर आणखी काय मागायचं? फार उशिरा डॉक्टरकडे गेलो. पडदा फाटलाय, आतली नसही गेलीय, लगेच यायला हवं होतं, म्हणाले.

मग कानाचं मशीन आलं. ते लावलं की कुकर, पंखा, खालचे हॉर्न सगळं एकदम अंगावर येतं. माझी कुजबुज तेवढी येत नाही. तिच्यासाठी माझा जीव तुटतो, अजून.

कारण एक गोष्ट सांगायची राहिलीच. बॉम्बची बातमी आल्यापासून हे दारात दिसेपर्यंत माझं काय झालं, ती. तेव्हा घर माणसांनी भरलेलं. नंतर सांगायची तर ओरडावं लागलं असतं आणि सगळ्या मजल्यानं ऐकलं असतं.

आता चाळ पाडली, आम्ही टॉवरमध्ये आलो. सासूबाई गेल्या, दीर आणि मुली आपापल्या घरी. बेडरूमला चांगलं जाड दार आहे. परवा दुपारी ते लावलं, यांच्याशेजारी बसले आणि जुन्या सवयीनं हळूच म्हणाले, "अहो, त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी राहिले नसते."

"काय?" यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल ना. आता कोण आहे ऐकायला?"

खरंच कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं. पण ते वाक्य मोठ्यानं काही केल्या निघेना.

"चहा टाकू का, विचारतेय," मी ओरडले.

"टाक की," हे म्हणाले.