दाढीचे जावळ

गोंगोर हे आमचे शेजारी. त्यांनी उभा जन्म घोड्यांच्या कळपामागे घालवला. त्यांचा चेहरा रुंद, डोळे बारीक आणि दाढी पांढरीशुभ्र होती. आमच्या गावच्या चौकात चंगीज खानांचा जो ब्राँझचा पुतळा आहे, त्याला गोंगोर यांचाच चेहरा आहे.

खानांना समोर बसवून कोणी त्यांचे चित्र काढले, असे ऐकिवात नाही. म्हणून शहरातून आलेले शिल्पकार तुव्शिन यांनी गावकऱ्यांना विचारले, "चेहरा कोणासारखा करू?" सर्वांनी एकमुखाने गोंगोर यांचे नाव घेतले, कारण तशी दाढी दुसऱ्या कोणालाच नव्हती. पुढे काय होईल, याचा विचार कोणीही केला नाही.

पुतळा उभा राहिला. लोक रोज सकाळी त्याच्यापुढे दूध शिंपडू लागले, निळ्या रेशमी पट्ट्या बांधू लागले. ज्या चेहऱ्यापुढे सकाळी मान लववायची, त्याच चेहऱ्याची दुपारी थट्टा कशी करायची? गोंगोर कोणाच्याही तंबूत शिरले की त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवले जाई. तरुण माणसे सिगारेट विझवत. त्यांच्या पत्नी खांदमा यांनी तर त्यांच्यावर ओरडणेही सोडून दिले.

हे सर्व त्यांनी सोसले. परंतु यादाम बदलले, ते मात्र त्यांना सोसवले नाही. यादाम हे त्यांचे बालमित्र. दोघे मेंढीच्या घोट्याची हाडे मांडून खेळत आणि एकमेकांना यथेच्छ शिव्या देत. आता यादाम मुद्दाम हरू लागले.

"नीट नेम धर की रे!" गोंगोर चिडले.

"आपलीच बाजी, गोंगोरबाबा."

"बाबा? अरे, तू माझ्याहून थोरला आहेस!"

यादाम यांनी मान खाली घातली. "काय करू? तुमच्याकडे बघितलं की शिवी तोंडातच राहते."

त्या दिवशी गोंगोर आमच्याकडे आले. पुढे ठेवलेल्या खारट चहाला त्यांनी हात लावला नाही. "मी मेल्यावर लोक रडतील, ते कोणासाठी?" एवढेच त्यांनी विचारले.

आमच्यात लहान मुलाचे जावळ काढताना प्रत्येक आप्त कात्रीने एकेक बट कापतो. काही दिवसांनी गोंगोर यांनी सर्वांना निरोप धाडला की, माझ्या दाढीचे जावळ आहे, जरूर यावे.

सर्वजण आले. निळी पट्टी बांधलेली कात्री थाळीतून फिरू लागली. पण ती कोणी उचलेना.

"मला नाही जमायचं," खांदमा म्हणाल्या. त्यांनी थाळी पुढे सरकवली.

"खानांच्या दाढीला कात्री? पाप लागेल," कोणीतरी पुटपुटले.

"खानांची दाढी चौकात आहे," गोंगोर म्हणाले. "तिला कापून दाखवा बघू! ही माझी आहे. हिच्यात कालचं सूप सांडलंय."

कोणीही हसले नाही. थाळी यादाम यांच्यापुढे आली. त्यांनी कात्री उचलली. गोंगोर यांनी डोळे मिटून घेतले. मग यादाम पुढे वाकले आणि त्यांनी दाढीचा वास घेतला.

"खोटारड्या, हे कालचं नाही, परवाचं आहे!" त्यांनी बट कापली. "धुतोस तरी का रे कधी, बोकडा?"

गोंगोर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यानंतर प्रत्येकाने कात्री चालवली.

"सगळे केस गालिच्यावर! आता झाडायचं कोणी?" खांदमा ओरडल्या.

उघडी पडलेली हनुवटी अगदीच लहान निघाली.

"बरं झालं, शिल्पकाराला ही दाखवली नाहीस," यादाम म्हणाले.

ती दाढी खांदमा यांनी निळ्या कापडात बांधून पेटीत जपून ठेवली. गोंगोर यांनी ती पुन्हा वाढू दिली नाही. पुतळ्यापुढे तेही इतरांसारखेच दूध शिंपडत आणि दुपारी यादाम यांच्याकडून हरत.

पुढे गोंगोर वारले, तेव्हा पुष्कळ लोक पुतळ्यापाशी जमले. यादाम तिकडे फिरकले नाहीत. ते खांदमा यांच्याकडे गेले, ती निळी पुरचुंडी मागून त्यांनी मांडीवर घेतली आणि तिला शिव्या देत देत ते रडले.