मूलच्या सेंटरवरचा बीटा ब्राउझर

आमच्या गावाचा वनहक्क दावा फेटाळला गेला. अपील ऑनलाइनच करायचं, तेही शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत! जिथे रेंज नाही त्या गावाला असा नियम लावणाऱ्यांची मला चीड येते. पण त्या शेवटच्या दुपारी, तालुक्याच्या गावी मूलला, ऑनलाइन सेंटरवर घोळ मीच घालून ठेवला होता.

सेंटर चालवणाऱ्या बाई जेवत होत्या. तेवढ्यात काम लवकर व्हावं म्हणून मी त्यांच्या एकुलत्या कॉम्प्युटरवरचा जुना ब्राउझर काढून माझ्या पेनड्राइव्हमधला नवा, अजून चाचणीत असलेला 'बीटा' टाकला. त्याला पेनड्राइव्हमधूनच मराठी टायपिंग वगैरे चार सोयीही जोडल्या. आता ग्रामसभेचा ठराव जोडायला गेलं की तो धाडकन बंद पडायचा. नेट इतकं हळू की जुना उतरवायला संध्याकाळ झाली असती.

"त्या चारही सोयी उडवा ना बाई!" त्या जेवून आल्यावर मी ओरडलो.

"दमा भाऊ. सगळं एकदम उडवलं तं बिघाड कशात होता, कसं समजन?"

त्या एकेक सोय बंद करायच्या, कागदावर खूण करायच्या, ठराव पुन्हा जोडायला लावायच्या आणि हात मांडीवर ठेवून थांबायच्या. घड्याळाकडे फक्त मीच पाहत होतो. मराठी टायपिंग बंद केल्यावर ठराव एकदाचा जोडला गेला.

"बीटा म्हणजे कच्चं राह्यते," त्या म्हणाल्या. "ओले धान गिरणीत टाकता काय तुमी? तांदूळ तुटून तुकडाच निघते."

पाचला दहा मिनिटं असताना पोचपावती निघाली. गावात मी वेबसाइटला शिव्या घालून टाळ्या घेतल्या. ब्राउझर कोणी टाकला होता, हे मात्र सांगितलं नाही.