समुद्राकडे पाठ

मी सातवीत शाळा सोडली, हे इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला मी आपणहून कुणाला सांगत नाही. ज्यांच्याकडे मी स्वयंपाक करते आणि मुलीला सांभाळते, त्या ताईंना ठाऊक आहे. थंडीचा जाड कोट मला त्यांनीच आणला. म्हणूनच त्यांच्या घरात चूक व्हायची मला फार धास्ती.

मुलगी नऊ वर्षांची. शाळेत तिचा ईस्टर बेटाचा प्रोजेक्ट होता. पॅसिफिकच्या मधोमध, सगळ्यांपासून लांब, ज्वालामुखींनी वर काढलेलं बेट. दबलेल्या राखेच्या दगडातून तिथल्या लोकांनी आपल्या पूर्वजांचे लांब नाकांचे पुतळे कोरले, असं तिनं मला अर्ध्यामुर्ध्या मराठीत सांगितलं. पुतळे आम्ही दोघींनी कणकेचे केले आणि तिनं ते निळ्या कागदाच्या समुद्रातल्या पुठ्ठ्याच्या बेटावर उभे केले.

ती स्विमिंगला गेल्यावर मी टेबल पुसायला घेतलं. बघते तर सगळे पुतळे समुद्राकडे पाठ करून. आमच्या गावचा राखणदार देव वेशीवर बाहेर तोंड करून उभा असतो. संकट यायचं ते बाहेरूनच. पोरीचं चुकलंय म्हणून मी एकेक पुतळा फिरवला आणि गोंदानं घट्ट बसवला. शेजारी तिनं लिहिलेला कागद होता. इंग्रजीतला. सकाळी ताईंनी सगळं खोक्यात घालून शाळेत पोचवलं.

वर्गात तिनं वाचून दाखवलं की हे पुतळे गावाकडे, आपल्या माणसांकडे बघतात. खोक्यातले समुद्राकडे बघत होते. मुलं हसली.

"स्वतःच लिहिलंस आणि स्वतःच उलटं लावलंस?" घरी ताईंनी तिला विचारलं. मी पोळ्या करत होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"आय डिड इट, आई."

मी तव्यावरची पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी तिला बसवरून आणताना मी विचारलं, असं का म्हणालीस गं?

"तू फोनवर म्हणतेस ना मावशी, चूक झाली तर मला परत पाठवतील."

संध्याकाळी ताई कामावरून आल्या. त्यांनी बूट काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, पुतळे मी फिरवले, पाठवायचं तर पाठवा. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"कोण पाठवतंय तुला? तिला सॉरी म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. मी तिला 'असं का म्हणालीस' एवढंच विचारलं होतं. कुकरखालचा गॅस बंद करून मी वर तिच्या खोलीकडे निघाले.