उंदीरकाकांचे दहा दिवस

माणसाच्या आधी त्याच्या यकृताची खुशाली विचारणारा गृहस्थ उभ्या मुलुंडमध्ये एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. एका प्रयोगशाळेत ते उंदरांची यकृतं कापत. तीन भागांतले दोन काढायचे आणि उरलेला पुन्हा वाढताना बघायचा, हा त्यांचा ऐंशीच्या दशकातला एकमेव उद्योग. म्हणून अख्खी सोसायटी त्यांना उंदीरकाका म्हणे. पेशी घड्याळ पाळतात, तेव्हा ऑपरेशन सकाळी आठलाच झालं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यापायी त्यांनी स्वतःच्या साखरपुड्याचा सकाळचा मुहूर्त परत पाठवला होता. पेशीच्या अंगावरचे रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल. रक्तातून निरोप आला की बेल वाजते, झोपलेली पेशी उठते आणि एकीच्या दोन होतात, हे त्यांनी आमच्या भाजीवाल्याकडूनही पाठ करून घेतलं होतं. पुरेसं वाढल्यावर पेशी थांबतात कशा, हे मात्र त्यांनाही पुरतं उमगलेलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना फार अप्रूप. पाण्याची टाकी रोज वाहते म्हणून बोलावलेल्या सभेत उठून ते म्हणाले, "भरलं की थांबायचं, एवढं यकृताला कळतं. सोसायटीला का कळू नये?" ठराव एकमताने मंजूर झाला आणि टाकी वाहतच राहिली.

मग माझ्या बायकोच्या यकृतात मोठी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, गाठ साधी आहे, पण अर्ध्याहून जास्त यकृत काढावं लागेल. ती नाहीच म्हणाली. अर्धं काढल्यावर जगायचं कशावर, हा तिचा प्रश्न होता. त्या रविवारी उंदीरकाका खाली आले, सोफ्यावर मांडी ठोकून बसले आणि दोन तास बोलले. "वहिनी, दहा दिवसांत भरून येतं. माझा शब्द." एरवी त्यांच्या गप्पांना हसणाऱ्या माझ्या बायकोने त्या शब्दावर सही केली.

ऑपरेशन झाल्यावर दहाव्या दिवशी ते शहाळं घेऊन वॉर्डात हजर झाले. ती पिवळी पडली होती, उठून बसायचं त्राण नव्हतं, आणि पडल्या पडल्या बोटांवर दिवस मोजत होती. काकांनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की दहा दिवस उंदराला लागतात, माणसाला महिने लागतात. यांचं ठीक चाललंय. इतकी वर्षं उंदरांत काढलेल्या माणसाने माझ्या बायकोला उंदराचं कॅलेंडर लावलं होतं! मला त्यांचा भयंकर संताप आला. ते मात्र पळाले नाहीत, स्टूल ओढून तिच्यापाशी बसले. "चुकलो वहिनी. उंदरांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यांना घाई असते. तुम्हाला नाही." ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली. पुढे ते रोज यायचे, तेही सकाळी आठला, चक्क रजा टाकून.

चौथ्या महिन्यात सोनोग्राफीत यकृत जवळजवळ पूर्वीएवढं दिसलं. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं वर गेलो. ते उड्या मारतील अशी माझी खात्री होती. पण त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. तुम्ही तर हे हजारदा पाहिलंय, असं मी म्हणालो.

"पाहिलंय," ते म्हणाले. "पण वाढलंय का ते बघायला दरवेळी उंदीर मारावा लागतो हो. भरून आलेलं यकृत घेऊन जिना चढून आलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं मी."