एकही चरा नसलेला गॉगल

आमच्या फ्रिजच्या हँडलवर तो दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक अजून आहे. फ्रिज आता म्हातारा झाला, रात्रभर खरखरतो, पण हँडल नवंकोरं आहे. आमचे हे तळोज्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्तीनंतर कारखाना सुटला आणि कंट्रोल घरी आला. एवढं सांगितलं की गॉगलचं प्रकरण समजायला सोपं जाईल.

मी नवीन पनवेलहून रोज स्कूटरवर कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवायला जाते. वाटेत ऊन, वारा आणि पुढच्या ट्रेलरने उडवलेली माती. वर्षानुवर्षं तेच खाऊन माझ्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांसाचा पातळ पडदा वाढायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तो मला आरशात दाखवला. म्हणाल्या, हा बुबुळाकडे सरकतोय, फार पुढे आला तर काढावा लागेल, तेव्हा उन्हात चांगला गॉगल घालत जा. ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. मला गॉगल त्याच दिवशी, घरी येतानाच घ्यायचा होता.

ह्यांनी स्कूटर थांबवू दिली नाही. म्हणाले, "गॉगल म्हणजे काय कोथिंबीर आहे, दिसली की घेतली?"

मग अभ्यास सुरू झाला. धातूची फ्रेम बाद, कारण इथल्या घामाने ती नाकावर हिरवट डाग पाडते. ॲसिटेटची देखणी, पण जाड दांडी हेल्मेटमध्ये कानामागे टोचणार. शेवटी नायलॉनच्या जातीची, वाकवली तरी सरळ होणारी फ्रेम पास झाली. भिंगावर तर आठवडेच्या आठवडे गेले. खऱ्या काचेवर सहसा चरे पडत नाहीत, पण ती जड, आणि फुटली तर थेट डोळ्यात. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण त्याला चरे लवकर पडतात. हे दुसरं वाक्य म्हणताना ह्यांचा आवाज खाली यायचा. नुसता काळा रंग कसा फसवा, हेही मला शिकवण्यात आलं: गडद भिंगामागे बाहुली मोठी होते, आणि अतिनील किरण अडवलेले नसतील तर ते जास्तच आत शिरतात. सगळं अगदी खरं होतं. मी ते रोज ऐकून घेत होते आणि रोज उघड्या डोळ्यांनी शाळेत जात होते. हेल्मेटची काच ओरखड्यांनी आंधळी झालेली, म्हणून ती कायम वर.

अखेर जुन्या पनवेलमधल्या चष्म्याच्या दुकानात खरेदी झाली. दुकानदाराने पोलराइज्ड भिंग दाखवायला एक कार्ड पुढे केलं, ज्यातला मासा फक्त त्या भिंगातून दिसतो. ह्यांचा कार्डावर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, पडद्यासमोर गॉगल गोल फिरवला, पडदा काळा झाला तेव्हा मान डोलावली. निवड उत्तम होती, हे मी आजही नाकारत नाही. हायवेवरच्या गाड्यांच्या काचांची तिरीप एकदम विझली आणि कित्येक दिवसांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं.

पण संध्याकाळी घरी आले तर हे मऊ कापड घेऊन दारात. गॉगल ट्यूबलाइटखाली धरून दोन्ही भिंगं तपासली गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि तपासणीनंतर एक उसासा. मग सूचना आली की एवढी चांगली वस्तू धुळीत कशाला, लग्नकार्याला असू दे, रोजच्याला हायवेवर टपरीवाल्याकडे मिळतो तो काळा घे. मी त्यांचाच बाहुलीचा धडा त्यांना म्हणून दाखवला. त्यावर म्हणाले, मग ओढणी जरा पुढे ओढून घे. भांडले, पण रोजच्या त्या उसाशापेक्षा ऊन परवडलं. गॉगल डबीत, डबी कपाटात, पैठणीच्या शेजारी गेली. पुढे भाचीच्या लग्नात ती निघाली. एसी हॉलमध्ये, स्टेजसमोर बसल्यावर हे हळूच म्हणाले, आता घाल की.

सहा महिन्यांनी पुन्हा डोळ्यांची तपासणी होती. बाईंनी डोळ्यात उजेड टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पडदा सरकला होता. गॉगल वापरता ना, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी पिशवीतून डबी काढली, कापड उलगडलं आणि गॉगल त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो दिव्यासमोर धरला.

"एकही चरा नाही," त्या म्हणाल्या. ह्यांचा चेहरा फुलला.

"म्हणजे वापरलाच नाही."

त्या क्षणी मला त्या बाईंचे हात धरावेसे वाटले. मी त्यांच्या हातून गॉगल घेतला, दवाखान्यातच डोळ्यांवर चढवला आणि स्कूटर मी चालवली. हे मागे बसले. घरी मी गॉगल फ्रिजवर ठेवला, भिंगं खाली करून. त्यांनी पाहिलं. कापड आणायला उठले नाहीत.

परवा पुढची तपासणी झाली. पडदा होता तिथेच थांबला आहे. बाईंनी काही विचारण्याआधीच ह्यांनी माझ्या डोळ्यांवरचा गॉगल काढून टेबलावर ठेवला, आणि कारखान्यात दाखवत असतील तसं एकेका ठिकाणी बोट ठेवत म्हणाले, "हा बघा एक चरा. हा दुसरा. आणि हा तर पार आरपार."